थंडीतील डिझेल इंजिन आणि अंदाजाची दुरुस्ती

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले म्हणजे आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत पहाटे एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. कांद्याने, भाजीपाल्याने अथवा दुधाच्या कॅनांनी भरलेली गाडी अंगणात उभी असते. मालक सेल्फ मारतो. इंजिन घरघरते, धुराड्यातून पांढरा धूर निघतो, परंतु इंजिन काही धरत नाही. मग शेजारीपाजारी उठवून गाडी ढकलण्यात येते. तेवढ्याने भागले नाही तर ट्रॅक्टर लावून ओढण्यात येते. आणि अखेर बॅटरी उतरली म्हणजे गॅरेजवाल्यास बोलावणे जाते. तोवर बाजाराची वेळ टळलेली असते. थंडीच्या लाटेत नगरकडचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा हा प्रसंग कोणा एकट्यादुकट्याचा नव्हे.

या बाबतीत आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, ज्या डिझेल इंजिनास हीटर प्लग बसविलेले आहेत, ते थंडीत अडून बसल्यास त्याचे कारण प्रथम त्या प्लगांच्या वीजमार्गात शोधावे. आणि कोणताही भाग पारखून पाहिल्याखेरीज बदलू नये. ही पारख अर्ध्या तासाची आहे. तीस लागणारा साधा मल्टिमीटर व टेस्ट लॅम्प मिळून पाचशे रुपयांच्या आसपास येतात. आणि ती करण्यास शेतकऱ्याने स्वतः फिटर झाले पाहिजे असेही नाही.

प्रस्तुत लेखकाने हा धडा पैसे मोजून घेतलेला आहे. आमची चार सिलिंडरची मालवाहू पिकप एका हिवाळ्यात सकाळी सुरू होण्यास त्रास देऊ लागली. पहिल्या मेकॅनिकने बॅटरी जुनी झाल्याचे सांगून नवी बसविली. आठ दिवस बरे गेले, म्हणून त्याचे निदान खरे वाटले. थंडी वाढताच गाडी पुन्हा अडली. दुसऱ्याने पंप व नोझल काढून शहरात कॅलिब्रेशनसाठी पाठविले. त्यात चार दिवस व मोठी रक्कम गेली. त्यानंतर ज्या पहाटे कांदा भरून नेप्तीच्या बाजारास निघावयाचे होते, त्याच पहाटे इंजिन धरीना. लिलाव हुकला, माल पुढील लिलावापर्यंत पडून राहिला, आणि मधल्या काळात भाव उतरला. अखेर आमच्या पुतण्याने, जो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून आलेला आहे, टेस्ट लॅम्प लावून पाहिला. प्लगांच्या पट्टीपर्यंत वीज पोहोचतच नव्हती. रिलेच्या जाड टोकावर हिरवा गंज चढून ते जळाले होते, आणि चारांपैकी दोन प्लग आतून तुटलेले होते. रिले व प्लग यांचा खर्च आधीच्या दोन दुरुस्त्यांच्या दहाव्या हिश्शाइतका आला.

आता मागे वळून पाहता त्या गाडीने आम्हांस पहिल्याच दिवशी सारे सांगितले होते असे दिसते. दुपारी उन्हात तीच गाडी किल्ली फिरवताच सुरू होत असे. पंप अथवा नोझल बिघडलेले असते तर दोष दुपारीही थोडाफार दिसला असता. नव्या बॅटरीने आठ दिवस सुधारणा झाली, तिचेही कारण उघड आहे: ताज्या बॅटरीमुळे इंजिन जोराने फिरे, म्हणून हवा थोडी अधिक तापे. रोग होता तेथेच होता. केवळ रोग्यास थोडा हुरूप आला होता.

हे नीट समजण्यासाठी मुळाकडे जाणे जरूर आहे. रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली ज्या इंजिनाच्या पेटंटासाठी अर्ज केला, त्यात तेल पेटविण्यास ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती दाबानेच तापते, आणि त्या तप्त हवेत तेलाचा फवारा सुटताच पेट घेतो. परंतु पहाटे सिलिंडरच्या भिंती गार पडलेल्या असतात व दाबलेल्या हवेची उष्णता त्या शोषून घेतात. ज्या इंजिनांत तेल प्रथम एका लहान कोठडीत पेटते व मग सिलिंडरमध्ये येते, त्यांत ही उष्णता अधिकच वाया जाते. म्हणून त्या कोठडीत विजेने तापणारी एक कांडी ठेवतात. तिचे टोक काही सेकंदांत आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापते. हाच हीटर प्लग, ज्यास पुस्तकांत ग्लो प्लग असे नाव आहे.

इंजिन सुरू करण्याआधी त्याचे डोके तापविणे ही कल्पना तर डिझेलच्याही आधीची आहे. इंग्लंडात ॲक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० साली ज्या जातीच्या तेलइंजिनाचे पेटंट घेतले, त्याचे डोके बाहेरून दिव्याच्या ज्योतीने तापवावे लागे. त्या इंजिनावरील माणूस डोके पुरेसे तापले की नाही, हे आपल्या डोळ्यांनी पाहून मगच चाक फिरवीत असे. आजचा मालक डॅशबोर्डवरील लहानशा पिवळ्या दिव्यावर विसंबतो; आणि बहुतेक गाड्यांत तो दिवा फक्त एवढेच सांगतो की, ठरलेला वेळ संपला. प्लग तापले किंवा नाही, याची त्यास खबरही नसते. दिवा नेमाने लागतो व विझतो, आणि आत चारही प्लग गार असतात. हा भ्रम दूर होणे हीच अर्धी दुरुस्ती होय.

येथे एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक डिझेल इंजिनास हीटर प्लग नसतात. विहिरीवरील एका सिलिंडरची इंजिने हँडलने फिरवून सुरू करतात. त्यांत हे प्रकरणच नसते. आपल्याकडील मध्यम शक्तीच्या पुष्कळशा ट्रॅक्टरांत तेल सरळ सिलिंडरमध्ये सुटते व ते प्लगांवाचून सुरू होतात. काहींत हवा आत येण्याच्या नळीतच एक हीटर बसविलेला असतो. डाळिंबाच्या व द्राक्षाच्या बागांतून चालणारे कित्येक लहान ट्रॅक्टर, तसेच जीप, पिकप व लहान मालगाड्या यांच्यापैकी अनेकांत मात्र दर सिलिंडरमागे एक प्लग असतो. आपल्या यंत्रात काय आहे, ते त्याच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे. कित्येकांनी ती पुस्तिका गाडी घेतल्यापासून उघडलेली नसते, हे येथे खेदाने नमूद करावे लागते.

पाना हाती घेण्यापूर्वी धुराकडे पाहावे. सेल्फ मारताना इंजिन मंद फिरत असेल, तर दोष बॅटरी, तिची टोके अथवा सेल्फ यांचा समजावा. इंजिन जोराने फिरते पण धूर मुळीच येत नाही, तर तेलच पोहोचत नाही; तेथे प्लग पाहण्यात अर्थ नाही. इंजिन जोराने फिरते आणि कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतो, तर तेल पोहोचते परंतु पेटत नाही. येथे हीटर प्लगांचा संशय प्रथम घ्यावा. गाडी सुरू होते पण पहिला मिनिटभर अडखळते, थरथरते, पांढरा धूर टाकते व मग सुरळीत चालते, तर एखाददुसराच प्लग गेला असण्याचा संभव आहे. आणि इंजिन तापलेले असतानाही सुरू होण्यास त्रास देत असेल, तर प्लगांस दोष देऊ नये. तेथे दाब कमी झाला आहे काय, नोझल नीट फवारते काय, तेलात हवा शिरली आहे काय, ते पाहावे.

संशय प्लगांवर आला म्हणजे विजेचा रस्ता लक्षात घ्यावा. आपल्या शेतातील पाटाप्रमाणेच तो आहे. बॅटरीच्या धन टोकापासून वीज जाड फ्यूजमधून रिलेत येते. रिले म्हणजे त्या पाटाचे दार. तेथून जाड तारेने ती प्लगांच्या माथ्यावरील धातूच्या पट्टीवर येते, पट्टीवरून प्रत्येक प्लगात उतरते, आणि इंजिनाच्या अंगातून अर्थिंगच्या तारेने बॅटरीच्या ऋण टोकास परत जाते. शेवटच्या वाफ्यास पाणी मिळत नसेल तर आपण पाट कोठे फुटला ते चालत जाऊन पाहतो. विहीर नव्याने खणीत नाही. येथेही तोच क्रम ठेवावा.

प्रथम बॅटरी. गाडी उभी असताना तिचा दाब साडेबारा व्होल्टच्या जवळपास असावा, व टोकांवरील पांढरी भुकटी गरम पाण्याने धुऊन टोके घट्ट केलेली असावीत. त्यानंतर इंजिन थंड असतानाच मीटरची एक तार प्लगांच्या पट्टीस व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूस लावावी, आणि दुसऱ्या माणसास किल्ली फिरवावयास सांगावे. इंजिन गरम असेल तर पुष्कळ गाड्यांत प्लगांस वीज सोडलीच जात नाही. म्हणून ही तपासणी सकाळीच करणे इष्ट. पट्टीवर अकरा व्होल्ट किंवा अधिक दाब मिळाला, तर पाट शाबूत आहे व दोष प्लगांत आहे. काहीच मिळाले नाही, तर फ्यूज व रिले पाहावा. नऊ-दहा व्होल्टच मिळाले, तर वाटेत कोठेतरी गळती आहे.

बहुतेक साध्या रिलेंवर चार टोकांना आकडे घातलेले असतात: ८५ व ८६ ही दार उघडणाऱ्या वेटोळ्याची टोके, ३० हे बॅटरीकडून येणारे व ८७ हे प्लगांकडे जाणारे. किल्ली फिरविल्यावर रिलेचा टक असा आवाज आला म्हणून तो चांगला, असे समजू नये. आवाज वेटोळ्याचा असतो. आतील संपर्क जळालेले असले तरी आवाज येतोच. ३० वर वीज आहे, आवाज येतो, आणि तरी ८७ वर वीज नाही, तर रिले बदलावा. आवाजच येत नसेल, तर वेटोळ्यास वीज पोहोचते काय ते पाहावे. स्वयंचलित गाड्यांत पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडून, इंजिन गार असताना ते गरम असल्याची खोटी खबर देतो व रिले उघडतच नाही. हेही ध्यानात असू द्यावे.

प्लग तपासताना बॅटरीचे ऋण टोक सोडवून मग पट्टी काढावी. पट्टी तशीच ठेवून मोजल्यास एका चांगल्या प्लगामुळे मेलेलेही जिवंत भासतात. मीटर ओहमवर लावून आधी त्याच्या दोन तारा एकमेकींस टेकवाव्यात, व जो आकडा दिसेल तो पुढील मापातून वजा करावा. नेहमीच्या बारा व्होल्टी जातीचा चांगला प्लग थंड स्थितीत ओहमच्या काही अंशांपासून दोनेक ओहमपर्यंत विरोध दाखवितो. तुटलेला प्लग अनंत दाखवितो. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीच्या धन टोकास लावावी, ऋण टोक पुन्हा जोडावे, व लॅम्पचे टोक एकेका प्लगाच्या माथ्यास टेकवावे. लॅम्प लागला तर आतील तार अखंड आहे, न लागला तर ती तुटलेली आहे. मात्र तार अखंड असूनही प्लग दुबळा झालेला असू शकतो. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर असल्यास तोही उमगतो, कारण या जातीचा तापलेला चांगला प्लग सामान्यतः दहा-पंधरा अँपिअर ओढतो, व दुबळा त्याहून पुष्कळ कमी.

शेवटी अर्थिंग. आपल्याकडे खताची पोती वाहताना सांडलेला युरिया, चिखल व धूळ यांनी अर्थिंगची तार इंजिनाशी जोडलेल्या ठिकाणी सडते. ऊसतोडणीच्या दिवसांत फडातून निघालेले उंदीर उभ्या गाडीत शिरून तारा कुरतडतात. आणि गाडी चकचकीत दिसावी म्हणून जोराच्या पाण्याने इंजिन धुतले म्हणजे पाणी रिलेत जाते. यांपैकी एकही कारण मोठ्या वर्कशॉपचे नाही. तिन्ही आपल्या अंगणातील आहेत व तिन्हींचा बंदोबस्त आपल्याच हाती आहे.

आता जे करू नये त्याविषयी. हवेच्या नळीशी पेटता बोळा धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे, या दोन्ही प्रकारांस आमचा सक्त विरोध आहे. तापलेल्या प्लगाशी ईथरची गाठ पडली तर नळीतच स्फोट होऊ शकतो. पिस्टन फुटतो, रिंगा तुटतात, प्रसंगी माणसाचा हात जातो. तसेच रिले काढून टाकून बॅटरीपासून प्लगांपर्यंत सरळ तार नेणे व मध्ये घरगुती घंटेचे बटण बसविणे, ही युक्ती कित्येक ठिकाणी मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. त्या तारेवर फ्यूज नसतो, बटण एवढ्या प्रवाहासाठी केलेले नसते, आणि बोट किती वेळ दाबून ठेवावे यास धरबंध नसतो. प्लग जळतात, आणि एखादे दिवशी गाडीही जळते. फ्यूज उडाला तर तो का उडाला हे पाहावे. त्याच्या जागी तांब्याची तार बांधणे म्हणजे चोरास किल्ली देणे होय.

नवीन प्लग घेताना त्यावरील व्होल्टचा आकडा जुन्याशी ताडून पाहावा. अलीकडील काही गाड्यांतील प्लग चार-पाच किंवा सात व्होल्टचे असून त्यांस संगणकाद्वारे मोजून वीज दिली जाते. त्यांना बारा व्होल्ट सरळ लावल्यास ते क्षणात निकामी होतात. अशा गाड्यांस स्कॅनर असलेल्या जाणत्या माणसाकडेच नेणे शहाणपणाचे. प्लग काढताना इंजिन कोमट असावे, बुडाशी आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल घातलेले असावे, आणि पाना हलक्या हाताने चालवावा. प्लग आत मोडला तर हेड उतरविण्याची पाळी येते. काढलेल्या प्लगाचे टोकही बोलके असते: ते फुगलेले असेल तर त्यास गरजेपेक्षा जास्त वेळ वीज मिळत आहे, म्हणजे रिले चिकटला असावा, ते वितळलेले असेल तर त्या सिलिंडरचे नोझल तपासावे. कारण न शोधता नवा प्लग बसविल्यास तोही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो.

यावर कोणी म्हणेल, "शेतकऱ्याने शेती करावी, इंजिनाची उठाठेव फिटरची." हा आक्षेप अगदीच निराधार नाही. प्रत्येकाने आपला आपण दुरुस्तीकार व्हावे, असे आमचेही म्हणणे नाही. परंतु बैल चारा का सोडतो, गाय पान्हा का चोरते, हे ओळखण्यास आपण पशुवैद्य झालो नव्हतो. आणि ओळखता येत होते म्हणूनच वैद्यास नेमके सांगता येत होते. आज बैलाच्या जागी इंजिन आले. बैलाविषयीची ती जाण मात्र इंजिनाकडे वळली नाही. फिटरासही दोष देऊन चालणार नाही. आपणच त्यास "काय ते बदला, पण आत्ता सुरू करा" असे सांगतो, व तोही मग अंदाजाने एकेक भाग बदलत जातो. ज्यास तपासणीचे पैसे कोणी देत नाही, तो भाग विकूनच आपले पोट भरणार.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली प्रत्येक मालकास: फिटराकडून तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी व ती आनंदाने द्यावी, बिलावर पट्टीचा व्होल्ट व प्रत्येक प्लगाचे माप लिहून घ्यावे, आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. दुसरी आपल्या गावोगावच्या संस्थांस: प्रत्येक संस्थेने एक मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर व दोन टेस्ट लॅम्प अवजारांच्या खोलीत ठेवावेत, व गावातील एक-दोन तरुणांस त्यांचा वापर शिकवावा. १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीस आपल्या दाराशी आहे व तेथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे; बाभळेश्वर व दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. दिवाळीनंतर, थंडी पडण्यापूर्वी, एका दिवसाचे तपासणी-शिबिर भरविण्यास त्यांचे साहाय्य मागणे अवघड नाही. ज्या जिल्ह्यात लष्कराचे रणगाडादल शिकते व सैन्याच्या वाहनांचे संशोधन चालते, त्या जिल्ह्यातील शेतकऱ्याची पिकप एका गंजलेल्या टोकापायी बाजार चुकवते, हे भूषणास्पद नाही.

ऊस काट्यावर चढल्याखेरीज आपण त्याचे वजन मान्य करीत नाही. काट्यात चूक आहे असा संशय आला तर गाव गोळा होतो. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरास सहकारी कारखान्याचे गाळप सुरू करून दाखविणाऱ्या जिल्ह्यास मोजमापाचे महत्त्व नव्याने शिकवावयास नको. तोच काटा आता इंजिनालाही लावावा, एवढीच आमची विनंती आहे. येत्या थंडीत गाडी अडली तर शेजाऱ्यास ढकलावयास बोलाविण्यापूर्वी टेस्ट लॅम्प हाती घ्यावा, आणि आधी पारख, मग पैसा, हा नियम कसोशीने पाळावा.